नव्या तापाची रंगीत तालीम

चि. धाकट्या भावास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. (डॉक्टर झालास म्हणून तुला अहोजाहो करणार नाही. तुझं शेंबडं नाक मी पुसलंय.) गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, एवढंच. भावजयबाईंना विचारलंय म्हणून सांग. त्यांनी मला विचारलेलं नाही, तरी सांग.

पत्रास कारण, मागच्या आठवड्यात मी आजारी पडले. खोटी. माझी नात मोठ्या इस्पितळात नर्स आहे आणि एकाचा रोग दुसऱ्याला चिकटू नये हे बघणं तिचं काम, हे तुला ठाऊक आहेच. आता तो कुठलासा नवा ताप निघालाय (नाव सांगितलं होतं तिने, पण ते उच्चारायला कवळी घट्ट हवी). त्याचा पहिला रोगी दारात आला तर काय होईल, याची रंगीत तालीम घ्यायची ठरली. कोणाला संशय येणार नाही आणि ज्याचे हात स्वस्थ बसणार नाहीत असा रोगी हवा होता, तो तिला घरातच सापडला. तिने माझ्या तळहातांना एक पूड चोळली. साध्या उजेडात दिसत नाही, निळ्या दिव्याखाली चमकते. म्हणाली, आजी, हा तुझा ताप, जा घेऊन.

खरं भांडण होतं एका खोलीवरून. बाजूच्या दाराजवळची खोली अशा रोग्यांसाठी वेगळी ठेवा म्हणून नातीने घसा कोरडा केला होता, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्यात पाहुण्यांसाठी सोफा टाकला होता. तालीम निर्विघ्न पार पडली असती तर सोफा राहिला असता.

खिडकीवरच्या कारकुनाने ताप आहे का, कुठून आलात, हे विचारून मला मास्क द्यायला हवा होता. त्याने विचारलं नाव आणि वय (वय मी बरंच कमी सांगितलं, त्याने मुकाट्याने लिहून घेतलं, गुणी मुलगा आहे), सहीला स्वतःचं पेन दिलं आणि परत घेऊन कानावर खोचलं. मग मी बाकावर बसून मन लावून खोकले. शेजारणीचं रडणारं बाळ थोपटलं, एका म्हाताऱ्याची उलटी कॉलर सरळ केली, चहाच्या किटलीचं झाकण बसत नव्हतं ते बसवलं. शेवटी मोठे डॉक्टर आले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन, काय म्हणताय आजी, म्हणाले आणि मिशा पिळत गेले. माणूस प्रेमळ आहे. तिथेच घात झाला.

संध्याकाळी पडदे ओढून नातीने दिवा लावला. कारकुनाचा कान चमकला. किटली चमकली, तेव्हा चहा प्यायलेले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग डॉक्टरांच्या मिशांची टोकं, दोन काजवे येऊन बसावेत तशी. हसायची कोणाची टाप नव्हती, म्हणून मी हसले. डॉक्टरांनी आरशात पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, सोफा उचला. नातीच्या हातावर कण नव्हता, मला पूड चोळल्याबरोबर तिने ते साबणाने धुतले होते. फक्त डावा गाल लखलखत होता, कारण कौतुकाने मी हात न धुताच तो ओढला होता. त्यावरून घरी मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

आता तुझं. बेसिनवर साबण ठेवा, खोकणाऱ्यांना वेगळं बसवा, असं तिने फोनवर सांगितलं, तर तू म्हणालास म्हणे, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून याच हातांनी नाडी बघतोय, मला काय धाड भरलीय. भरलेली नाही खरी. पण तुमच्याकडे तो ताप आला तर आधी तुझ्याच दवाखान्याची पायरी चढेल. माझ्याशी बरोबरीने भांडणारं माणूस आता तू एकटाच उरलायस, आणि नवं शोधायचं माझं वय नाही. बाकी तुझी मर्जी.

तुझी ताई

ता. क. नात परवा तुझ्याकडे येतेय. चहा दे. पिशवीत काय आहे ते विचारू नकोस.

आणखी ता. क. पिशवीत निळा दिवा आहे. या कागदांना दोन्ही बाजूंनी पूड लावली आहे. दोन रोग्यांच्या मधे पत्र वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायचीही, तेव्हा एव्हाना पूड जिभेवर पोचली असेल. घाबरू नकोस, विषारी नाही, विचारून घेतलंय. साबणाने जाते. नुसत्या पाण्याने जात नाही. पत्र मिळालंच नाही, हे या खेपेला चालणार नाही. आणि तुला मिशा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नकोस. विचारात पडलास की तू टक्कल चोळतोस. आत्ताही चोळत असशील.