टेपपुढे म्हटलेलं ‘बरं’

मुलुंड, ४ फेब्रुवारी १९८४

प्रिय विद्याधर,

तुला कुणी सांगितलं रे, मी तयार आहे म्हणून? नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी याचं उत्तर दे! दिवाळीत मस्कतहून टेपरेकॉर्डर पाठवलास आणि पत्रं बंद केलीस. आता तीन महिन्यांनी चार ओळी आल्या, तर त्यात काय? अनु ‘बरं’ म्हणाली, म्हणून आणखी दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर सही करतोय. वा!

तुझी कॅसेट इथे कशी ऐकतात माहितेय? आई टेपला हळदकुंकू लावून चौरंगावर ठेवतात. समोर बाबा, शेजारच्या शेवंतीकाकू, त्यांच्याकडचे पाहुणे, सगळे मांडी घालून. तू विचारलंस, अजून दोन वर्षं राहू का. उत्तर लगेच भरायचं, कारण कॅसेट मस्कतला नेणारा माणूस दारात उभा. मी तोंड उघडणार तोच आईंनी कोपर मारलं. सात जणांसमोर, तुला ‘अहो’ म्हणत, मी आणखी काय बोलणार होते यार? तुझी पत्रं मी गच्चीवर जाऊन एकटी वाचायचे.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. राग आणि लोभ, दोन्ही पोचले समज.

तुझी अनु


मस्कत, १५ फेब्रुवारी

प्रिय अनु, सप्रेम नमस्कार.

झकास झाडलंस. पण माझीही बाजू ऐक ना. तुझं ‘बरं’ मी अकरा वेळा मागे घेऊन ऐकलं. माझ्या खोलीतला दशरथ, आपल्या माहुलचा, तोही म्हणाला की वहिनी खूश वाटतात. आईनं सांगितलं, सगळं मजेत आहे. बाबा म्हणाले, गुडघा एकदम ठणठणीत. शेवंतीकाकूंनी तर विचारलं की एवढ्यात परत येऊन करणार काय. अख्ख्या कॅसेटमध्ये एकालाही माझी आठवण येईना! मग मी काय समजायचं?

सही दहा मार्चला आहे. त्या कोपराबद्दल आईला विचार. तिलाच मी तिथे नको असेन, तर तेही एकदा कळू दे.

तुझ्या शिव्यांवरही लोभ असलेला,
विद्याधर


मुलुंड, २४ फेब्रुवारी

चि. विद्याधर यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अनुपमानं मला वाचायला दिलं. अरे झिला, कोपर मारलं ते टेप संपत आली म्हणून! ते चाक भराभर फिरत होतं आणि ही विचार करत बसलेली. म्हटलं, हिचं बोलायचंच राहून जाईल. मला वाटलं ती ‘या’ म्हणेल. तर ही ‘बरं’ म्हणाली. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोलले नाही, ती माझ्याशी नाही. तुझं पत्र आल्यावर दोघी ओट्यापाशी आधी भांडलो, मग हसत सुटलो.

त्या डब्याचं लाल बटण दाबलं की माणूस सगळं चांगलंच बोलतो. बाबांचा गुडघा दिवाळीपासून सुजलेला आहे. संध्याकाळी ते तुझी कॅसेट लावतात आणि तुझं पुढचं वाक्य तुझ्याआधीच म्हणतात. मला ते बघवत नाही.

काँट्रॅक्ट नको. ये.

आईचा लोभ तुला मागावा लागत नाही.

तुझी आई


मस्कत, १० मार्च

ती. आईस साष्टांग नमस्कार. अनुला, आईसमोर लिहिता येईल तेवढं प्रेम.

सही केली नाही! साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, घरच्यांनी परवानगी दिली नाही. त्यांनी विचारलं, जानेवारीत तर दिली होती ना. म्हटलं, ती टेपवर. ते अजिबात हसले नाहीत, पण माझी रजा शिल्लक होती, ती धरून आजच मोकळं केलं. तिथे नोकरी शोधताना वाट लागणार, ठाऊक आहे. ते बघू. बाबांना आधी डॉक्टरकडे नेतो. अनु, उरलेलं तोंडी ऐकव, फक्त सात जणांना बाहेर काढून.

बॅग दारात आहे. पत्र दशरथ पेटीत टाकेल. उत्तर लिहू नका. हे पोचेल तेव्हा पोस्टमनला दार बहुतेक मीच उघडेन. बाकी लोभ समोर बसून करू. खाली गाडी हॉर्न मारतेय, निघालो!

विद्याधर