बाळाचा वाटा

॥ श्री ॥

कुणकेश्वर,
दि. ५ जून २००६

चि. बाळा यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही तिघे चिंचवडला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर घर खायला उठलं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? पहिले दोन दिवस माझे कान सुटल्यासारखे वाटले. सर्वेश पोर गुणी आहे, माझ्या हातची तिसऱ्यांची एकशिपी बोटं चाटून खायचा. पण दारात समुद्र असून महिनाभर त्याने टीव्हीला जोडलेला तो खेळ सोडला नाही. समोर येईल त्याला गोळी घालायची, आणि मेला की बटण दाबून परत उभा करायचा, परत मारायला. मी विचारलं की उठवायचाच होता तर मारलास कशाला, तर म्हणतो आत्या, गेमच तशी असते. मला शिसारी आली हो. सुगंधाला राग येऊ नये, पण हे खेळणं विकत घेणाऱ्या बापाचे कान कोणीतरी उपटायला हवेत, आणि तुझ्यापेक्षा मोठी आता मीच उरले आहे.

मे महिन्याचे पाहुणे गेले आणि आपला उष्टा संसार किनाऱ्यावर टाकून गेले. बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या. पोरांचे ते कागदी लंगोट पाणी पिऊन फुगले आहेत. काल एक कावळा मासा समजून त्यातलाच एक टोचत होता. माझं सकाळचं जेवण गेलं नाही. ग्रामपंचायतीत सांगितलं तर म्हणाले पर्यटनाने गावात पैसा येतो. येतो खरा, पण येताना असला अवतार करून येतो.

किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची रापण पावसाळ्यासाठी बंद झाली. जाळं धुऊन मांगराच्या छपराखाली टांगलं. शेवटच्या ओढीचा तुझा वाटा सुकवून सुगंधाच्या पिशवीत तळाशी ठेवला होता, मिळाला ना? बाबा गेल्यापासून त्यांचा वाटा तुझ्या नावाने घालतात आणि तुझ्या जागी दोरी मी धरते. बाईमाणूस म्हणून सुरुवातीला दोघेतिघे हसले होते, आता कोणी हसत नाही. हाताला घट्टे पडलेत, एवढंच.

तू कंपनी सोडलीस, पुढे काय करणार ते लिही. जे करशील ते आपल्या माणसांना तोंड दाखवता येईल असं कर. लोभ आहेच, पत्राचा आळस तेवढा नको.

तुझी,
रुक्मिणी अक्का

॥ श्री ॥

चिंचवड,
दि. १० जुलै २००६

ती. अक्कास,
बाळाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना नाक मुरडलेलं तुझं तोंड समोर दिसत होतं. सुगंधा म्हणते, अक्कांना स्वर्गात नेलं तरी तिथला झाडू कुठे ठेवलाय ते आधी विचारतील. सर्वेशने निरोप दिलाय की दिवाळीत तो तुला तो खेळ शिकवणार आहे.

मी कंपनी सोडली असं तू लिहितेस, अक्का, पण कंपनीने मला सोडलं. हार घातले, शाल दिली, फोटो काढला आणि गेटाबाहेर उभं केलं. आमच्या मशीन भंगारात गेल्या. त्या जागी आता मॉल उभा राहणार आहे म्हणे. पेपरात रोज छापून येतं की देशाची प्रगती जोरात चालली आहे, आणि माझ्याबरोबरचे फिटर दारोदार विम्याच्या पॉलिस्या विकत हिंडताहेत. कालच एकजण आला होता. चहा घेऊन तो उठेपर्यंत मी भिंतीकडे बघत बसलो. या सगळ्याचा मला वीट आला आहे. पुन्हा कोणाच्या गेटावर कार्ड पंच करायला मी जाणार नाही.

म्हणून ठरवून टाकलं. देवगड बंदरात एका भागीदाराबरोबर बोट घेतली आहे. आईचं नाव दिलं, ‘जानकी’. पेंटरला बाजूला सारून नाळेवरची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरची, अक्षरं मी स्वतः रंगवली, अगदी बर्फाच्या पेट्यांवरसुद्धा. बोटीत एक यंत्र आहे, पाण्याखालची मासळी पडद्यावर रंगीत ठिपक्यांनी दिसते. सर्वेश म्हणाला, बाबांनी पण गेम घेतली! जाळं मोठं आहे, एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर तू चिडशील.

एक विचारायचं होतं. गणपतीनंतर बांगडा येऊन थांबायचा ती बाबांची जागा नेमकी कुठली? मी लहान होतो, मला कड्यावर कधी नेलं नाही. भाई अजून तिथे बसतो का?

तुझ्या शिव्यांतही माया असते, ती कमी करू नकोस.

तुझा,
बाळा

॥ श्री ॥

कुणकेश्वर,
दि. ३ सप्टेंबर २००६

चि. बाळा यास,
अ. उ. आ. वि. वि.

गणपती शिस्तीत पार पडले. मूर्ती शाडूचीच आणली, पण शेजारवाडीतल्या प्लास्टरच्या मूर्तीचं धड दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं, रंग उतरलेलं. बघवेना. मीच गोणपाटात गुंडाळून खोल पाण्यात सोडायला दिलं. देवाची अशी अवस्था करणाऱ्यांना आरत्या मात्र माइकवर म्हणायच्या असतात.

बोटीचं वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावून होते. मग आईचं नाव आठवलं आणि राग टिकला नाही. तिला आयुष्यात कोणी नावाने हाक मारली नाही, आता अख्खं बंदर मारील. फक्त एक ध्यानात ठेव. तुमची यंत्रं, तुमची मोठी जाळी, सगळं बाहेर खोल पाण्यात. किनाऱ्याचं पाणी रापणीचं. तिथे ज्यांना होडी झेपत नाही अशी म्हातारी माणसं, विधवा बायका दोरीला हात लावून वाटा घेतात. तो कोणाचा उपकार नसतो.

आता बाबांची जागा. ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही असं त्यांनी बजावलं होतं. तू घरचाच, वाटेकरी, म्हणून लिहिते. देवळाच्या दक्षिणेच्या कड्याखाली काळा खडक आहे, ज्याला आपण म्हातारी म्हणायचो. घटस्थापनेच्या सुमारास बांगडा त्या म्हातारीच्या आडोशाला येतो. वरून पाणी जांभळट दिसतं. काही दिवस तो तिथेच घोटाळतो, मग भरती साधून रापणीच्या टप्प्यात येतो. तोवर कोणी पाण्यात होडी घालायची नाही, मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही. भाई कड्यावर बसून असतो. आपला चुलतभाऊ म्हणून सांगत नाही, पण असा धीराचा माणूस गावात दुसरा नाही. मासा आत आला की तो डोक्याचं फडकं काढून हलवतो, आणि मग भाकरी तव्यावर टाकून सगळे धावतात.

यंदा तो दिवस साधून ये. एकदा तरी आपल्या वाट्याची दोरी आपल्या हाताने ओढ. माझी माया शाबूत आहे, तुझी गंजू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

देवगड बंदर,
दि. ५ ऑक्टोबर २००६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं या पत्रातून घे. अक्का, पहिल्याच हंगामात आईने हात दिला! दसऱ्याच्या आधी जाळ्याच्या एकाच घेरात ‘जानकी’ काठोकाठ भरली. पडदा नुसता लाल झाला होता, ठिपके वेगळे दिसेनात. बोट चालवणारा आमचा तांडेल म्हणाला, एवढा बांगडा त्याने कधी पाहिला नव्हता. मला तर कंपनीच्या साहेबांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

तुझ्या सांगण्याचा फार उपयोग झाला. घरची माहिती घरच्याच कामी आली. म्हातारीपाशी मासा अजून थांबलेला होता, रापणीच्या टप्प्यात आला नव्हता, त्यामुळे त्यात कोणाचं काही घेतलं असं होत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मोठा बांगडा बर्फात गेला. बारीक पिलं गिरणीला दिली, तिथे दळून कोंबड्यांचं खाद्य करतात. हौदात मावलं नाही ते परत समुद्रातच सोडलं. वाया काही गेलं नाही.

सोबतच्या माणसाबरोबर तुला मोबाइल पाठवतो आहे. यापुढे पत्रं लिहीत बसायला नको, हिरवं बटण दाबलंस की मी बोलेन. दिवाळीला सगळे येतोच. तुझा हात पाठीवर असाच असू दे.

तुझा,
बाळा

॥ श्री ॥

कुणकेश्वर,
दि. १४ ऑक्टोबर २००६

बाळा,

मोबाइल परत पाठवते आहे. हिरवं बटण मी दाबलं नाही.

नवरात्रात म्हातारीजवळचं पाणी जांभळं झालं ते भाईने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. जागा न सांगता, मासा आलाय एवढं गावाला सांगून ठेवलं होतं. यंदा सगळ्यांनी आशा धरली होती. मग एका रात्री कड्याखाली दिवे दिसले, एवढे की देवळाची दीपमाळ पेटलीय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी पाणी नुसतं निळं. भाई तरीही कड्यावर बसला. दसरा झाला तरी रोज बसत होता. शेवटी चार दिवसांपूर्वी पाण्यावर काही काळपट दिसलं म्हणून त्याने फडकं हलवलं. मला वाटतं, त्यालाही खरं वाटलं नव्हतं. पण सगळे धावले. मीही तुझ्या जागी उभी राहिले.

जाळं जड लागलं. माणसं जोरात आली, वाडीतली थकलेली तुळसासुद्धा पदर खोचून ओढत होती. जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागलं आणि वास आला. बाळा, तो वास अजून माझ्या केसांत आहे. बोटभर लांबीची बांगड्याची पिलं, पांढरी पडलेली, पोटं फुटलेली, डोळे गेलेले. त्यांच्यात पिशव्या, बाटल्या, नायलॉनचे तुकडे, सगळं एकमेकांना चिकटलेलं. पोरं तोंड फिरवून ओकली. तू लिहिलंस परत सोडलं. सोडलंत ते मेलेलं सोडलंत. सर्वेशच्या खेळात मेलेली माणसं बटण दाबलं की उठतात, तुला समुद्रही तसाच वाटला.

आणि त्या घाणीत थर्माकोलच्या पेटीचं एक झाकण निघालं. निळ्या रंगात लिहिलेलं, ‘जानकी’. तुझं ज मी ओळखते, शाळेपासून तू त्याला तसाच वाकवतोस. भाईने झाकण हातात घेतलं, वाचलं, आणि पाण्याने धुतलं. म्हातारीची जागा भाईला आणि मला ठाऊक, आणि मी ती कोणाला सांगितली हे त्याला विचारावं लागलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार. मला मात्र माझीच किळस आली. तुला लिहिलं ते घरातल्या माणसाला लिहिलं होतं.

रापणीची रीत तुला माहीत आहे. जाळ्यात येईल त्याचे वाटे होतात, मासा असो वा शेवाळ. कोणीतरी म्हणालं की हे सगळं पुरून टाका. भाई म्हणाला, वाटे घाला. दोरी धरली त्या सगळ्यांचे घातले. शेवटी एक ढीग उरला. भाई एवढंच म्हणाला की बाळाचो वाटो खंय? तोही घातला.

नेहमीप्रमाणे तो मी खळ्यात सुकवला, तीन दिवस उन्हात, नाकाला पदर लावून. कावळे फिरकले नाहीत. आज एसटीच्या पार्सलने चिंचवडला पाठवते आहे. झाकण वरच ठेवलं आहे. मिळाल्याचं कळव.

रुक्मिणी

॥ श्री ॥

चिंचवड,
दि. २ नोव्हेंबर २००६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वाटा मिळाला. स्टँडवरच्या हमालाने तो हातात घ्यायला नकार दिला, मीच उचलून आणला. सुगंधाने खिडक्या उघडल्या आणि माहेरी निघून जाण्याची धमकी दिली. सर्वेशने जवळ येऊन त्यातलं एक पिल्लू उचललं आणि विचारलं, बाबा, हे मोठं झाल्यावर केवढं होणार होतं? मी हाताने माप दाखवलं. त्याने पिल्लू परत वाट्यात ठेवलं. त्या रात्री घरात कोणी टीव्ही लावला नाही.

दिवाळीला तोंड दाखवायला आलो नाही, देवगडापर्यंत मात्र येऊन गेलो. भागीदाराला सांगितलं की किनाऱ्याच्या पाण्यात जायचं नाही. तो हसला. म्हणाला, आपण नाही गेलो तर दुसरा जाईल. माझा हिस्सा त्यालाच सोडून दिला. पण त्याने काय होणार? बोट आहेच, यंत्र आहेच, आणि म्हातारीची जागा आता तांडेलाला पाठ झाली आहे. ती त्याच्या डोक्यातून मला काढता येत नाही. आईचं नाव मात्र काढता आलं. पत्र्याने खरवडलं, नाळेवरचं आणि सगळ्या पेट्यांवरचं. बंदरातली माणसं बघत होती, तांडेलाने वेड्यात काढलं. आता ती बोट नावाशिवाय फिरते आहे, पण फिरते आहे.

माझ्या स्वतःच्या हातांचा मला उबग आला आहे. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. भाईला एवढं विचारशील का, की मी आलो तर दोरीला हात लावू देतील का? नाही म्हणाला तर त्याचं खरं आहे. तू मागच्या पत्रात ना आशीर्वाद लिहिलेस, ना शेवटी मायेचा शब्द. ती जागा मी पुन्हा पुन्हा बघतो.

तुझा,
बाळा

॥ श्री ॥

कुणकेश्वर,
दि. ११ नोव्हेंबर २००६

चि. बाळा यास,
अ. उ. आ.

कार्डात जागा थोडी. भाईला विचारलं. जाळं सांधत होता, मान वर केली नाही. म्हणाला की तेका अजून ओढूक येता काय, तां विचार. तुळसा म्हणाली, दोन दिवसांत हाताला फोड येऊन पळून जाईल. राग कोणाचा गेलेला नाही, माझाही नाही. म्हातारीपाशी परवा पुन्हा दिवे दिसले.

काल रापण ओढली. प्लास्टिक नेहमीचं. थोडे तारले मासे आले, वाटणीला जेमतेम. तुझा वाटा घातला होता, तो मी तुळसाला दिला. यापुढे तुझा वाटा मी सुकवणार नाही. ये, दोरी धर, आणि ओला खा.

माया आहे.

तुझी,
अक्का