नथ घातलेला रोहू

५ फेब्रुवारी, न्यू टाउन, कलकत्ता

संकष्टी, उपवास. घरी मी एकटाच. मुलगा श्रीकांत कचेरीत, सूनबाई सौ. वैशाली बाजारात. सकाळी घंटा वाजली. दारात चंदननगरचे दोन तरुण, नात चि. मुग्धाच्या नियोजित वराचे चुलतभाऊ. हातांत पराती : मिठाई, साड्या, विड्याची पाने. एकीत अख्खा रोहू मासा. त्याला लाल साडी नेसवलेली, नाकात नथ, कपाळी कुंकू. डोळे सताड उघडे.

आमचा देव्हारा हॉलमध्ये, दाराला लागूनच. मी शुद्ध हिंदीत सांगितले, बाकीचे राहू द्या, हे तेवढे परत न्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि सगळेच परत नेले. उद्धटपणाची कमाल.

सायंकाळी घरात आकांत. म्हणे, बंगाल्यांत वराकडचा मासा परत पाठवणे म्हणजे सोयरीक मोडणे. मला हे आधी कोणी सांगितले होते? नातीच्या लग्नातले मला काहीच सांगत नाहीत. चुकले की मात्र आजोबा.

६ फेब्रु.

मुग्धा सकाळी एकच वाक्य बोलली : "आजोबा, तुम्ही माझी लग्न मोडली." लग्न नपुंसकलिंगी आहे. सांगितले नाही.

श्रीकांत म्हणाला, वराच्या आजीचा, त्यांच्या ठाकुमांचा निरोप आहे : ज्याने परत पाठवले त्याने स्वतः यावे, तोवर पुढचे बोलणे नाही. मी जन्मभर सरकारी नोकरी केली. खुलासा मागण्यापूर्वी नियम कळवावा लागतो. जाणार नाही.

७ फेब्रु.

वैशालीने सुचवले, देव्हारा आतल्या खोलीत नेऊ. सुचवायचे धाडस होते कसे! देव कोणाच्या सोयीने बसत नसतात.

मुग्धा कालपासून नीट जेवलेली नाही. ताटात काहीही टाकायचे नाही, हे तिला मी शिकवले. म्हणून ती वाढूनच घेत नाही.

उद्या जातो. माफी मागणार नाही.

८ फेब्रु., चंदननगर

मी, श्रीकांत, मुग्धा. नदीकाठचे जुने बंदर. वराचे वडील निवृत्त प्राध्यापक. घरात नेण्याआधी त्यांनी गाव दाखवले. हा फ्रेंचांचा घाट, हे फ्रेंचांचे चर्च, हा फ्रेंचांचा बंगला. वर चुचुड्याला डच, खाली श्रीरामपूरला डॅनिश. सांगताना ऊर भरून येत होता. माझे डोके तापले. लुटायला आलेल्या प्रत्येकाच्या नावाची पाटी लखलखीत पुसून ठेवलेली, आणि आमची आठवण कशात? कलकत्त्याला बागबाजारात आमच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने खणलेल्या खंदकात. येथे मराठ्यांना 'बर्गी' म्हणतात. त्याच नावाने आया पोरांना अजून भिववून निजवतात. मी हे बोलून दाखवले. प्राध्यापक हसले. श्रीकांतने माझा दंड दाबला. मी त्याचा हात झटकला.

आजीबाई पलंगावर, पांढऱ्या साडीत. वय माझ्याहून अधिक. त्या बंगालीत बोलत, मुग्धा मराठीत सांगे.

"बर्गी सगळं लुटून न्यायचे, असं ऐकलं होतं. परत पाठवणारा बर्गी पहिलाच पाहते आहे."

सगळे हसले. मुग्धाही, तीन दिवसांत प्रथमच. मी हसलो नाही. मी म्हणालो, माझ्या घरी देव आहेत, तेथे मासा येत नाही, यात कोणाचा अपमान नाही.

त्यांनी उत्तर दिले. मग मुग्धाने सांगितले ते असे : "मीही मासा खात नाही. नवरा गेल्यापासून तोंडात घातला नाही. तरी त्याला साडी मीच नेसवली, नथ मीच घातली. माझ्या जिभेचा त्यात काय संबंध?"

यावर उत्तर असलेच पाहिजे. पोथीत शोधीन.

परत आलेला मासा त्यांनी शिजवला नाही, गंगेत सोडला. लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीबरोबर दुसरा येईल, म्हणाल्या. दार यांनीच उघडायचे, परातही यांनीच हातात घ्यायची. नाहीतर मुलगा लग्नाला निघणार नाही.

मी हो म्हटलेले नाही. नाही म्हणण्याआधी श्रीकांतने मला उठवले. माझ्याच मुलाने, लहान मुलाला उठवावे तसे.

१५ फेब्रु.

पत्रिका छापून आल्या. मराठी मजकुरात चुका. फाडाव्यात असे वाटले. लाल शाईने दुरुस्त करून परत दिल्या. प्राध्यापकांचा फोन आला होता. मी घेतला नाही.

आजीबाईंचा अजून राग येतो. एवढ्या वयात इतका हट्ट.

आमची सौ. असती तर तिने दार उघडले असते. मला विचारलेही नसते.

२४ फेब्रु.

उद्या लग्न. सकाळी ते येतील.

देव्हारा माझ्या खोलीत हलवला. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. पाहुण्यांच्या चपला हॉलमध्ये दाराशी पडतील, म्हणून. 

मुग्धा दोनदा येऊन दारातून डोकावून गेली. तिसऱ्यांदा विचारलेच. दार मी उघडीन, एवढे तिला सांगितले आहे. परातीचे सांगितलेले नाही.