आसरेची करंगळी

आबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण आज घरात एवढं हसू झालंय की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेव्हा सावकाश वाचा. दिवाळीला माझी दोन्ही नातवंडं आपल्या घरी, कान्ह्याला आलीत. लेकीचा मुलगा मुंबईत मोठमोठे पूल आणि रस्ते बांधतो. माझ्या मुलाची मुलगी पुण्यात इंजिनियर झाली. मुंबईहून पुण्याला जाणारा तो रुंद रस्ता आपल्याच मावळातून गेलाय, तुम्ही तो पाहिला नाहीत. तर ही दोघं चकल्या खाता खाता भांडायला लागली. तो म्हणाला, "आमच्याकडे समुद्रातून रस्ता काढला, तुमचं पुणं अजून सिग्नललाच उभं!" ही म्हणाली, "ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं काय तुमच्या समुद्रातून पोहत जायचं? आमच्याकडे ये, जमिनीखालून दहा मिनिटांत स्वारगेट." तसे पूल पुण्यातही आहेत आणि मुंबईतही जमिनीखालून गाडी धावते, पण भांडताना ते कोण ऐकतंय! मी चकल्या तळत होते, मला लय मजा येत होती.

मजा तिथंच संपली. नात म्हणाली, जमिनीखालच्या बोगद्याच्या कामावर तिला नोकरी लागलीय, सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. तिच्या बापाच्या, माझ्या मुलाच्या, हातातली चकली तशीच राहिली. "न्हाई," तो म्हणाला. "आबांनी कुण्या बाईला खोदत्या विहिरीत उतरू दिलं न्हाई. आपल्या विहिरीत आसरेचं पाऊल उमटलंय. आई, तूच सांग हिला." पोरीनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण रडेना. तुमच्यावर गेलीय.

आबा, आता सांगते. मी तुमची एकुलती एक लेक, म्हणून लग्नानंतरही याच घरात राहिले, आणि इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी पिताना गप्प बसले. मी तेव्हा चौथीतली पोर, तुम्ही विहीर खणताय. चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढं खोल उतरलात तरी नुसता मुरूम. मी भाकरी घेऊन येते आणि म्हणते, मला खाली बघायचंय. तुम्ही डोळे वटारता, "बाईमाणसानं खोदत्या विहिरीत उतरायचं न्हाई, पाणी आटतं." शाळेत एका मुलीनं सांगितलं होतं की विहिरीच्या तळातून दिवसासुद्धा चांदण्या दिसतात. तुम्ही सगळे जांभळीखाली जेवायला बसलात आणि मी दोराच्या शिडीवरून उतरले. चांदण्या कसल्या, वर ताटाएवढं आभाळ. एक पाय खडकावर होता, दुसरा ओल्या मातीत रुतला. तसाच काढला आणि पळाले.

जेवून तुम्ही खाली गेलात आणि ओरडलात, "कुणी हात लावू नका! आसरा आलीय!" पाण्याची देवी स्वतः येऊन जागा दाखवून गेली म्हणालात. जोंधळ्याच्या काडीनं पावलाचं माप घेतलंत आणि तिथंच पहार मारलीत. दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. मग पाथरवटाला बोट न् बोट सांगून त्या मापाचं पाऊल दगडात कोरून घेतलंत आणि काठावर बसवलंत. ती काडी माझ्या पायाला लावाल म्हणून मी आठ दिवस पाय पदराखाली, म्हणजे तेव्हा परकराखाली, लपवून बसायची.

तर आज मी सगळ्यांना विहिरीवर नेलं. दगडावरचं हळदीकुंकू धुतलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, पाथरवटानं ती जशीच्या तशी कोरलीय. मी चप्पल काढून माझा सुरकुतलेला पाय शेजारी ठेवला. तीच करंगळी. नातीनं बूट काढला. तिचीही तीच. मग त्या दुपारी मीच खाली उतरले होते ते सांगून टाकलं.

मुलानं वाकून तिन्ही करंगळ्या पाहिल्या. मग म्हणाला, "म्हंजे आई, दहावीच्या पेपराला जाताना मी तुझ्याच पाया पडायचो?"

"घरात पडत न्हवतास, म्हणून हितं पडलास," मी म्हणाले.

नातू पोट धरून हसला, "मामा, मुंबई-पुणं दोन्ही हरली! जमिनीखाली पहिली आजी गेली!" मुलानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "शिडी नीट धर." ती सोमवारची वाट न बघता तिथंच फोन काढून बसली.

हा कागद दगडाखाली ठेवणार होते, पण ओल लागेल. कुंकवाच्या डब्यात राहू दे. उद्या परत त्या पावलाला हळद लावेन, सवय जात नाही. एक गोष्ट मात्र मी पोरांना सांगितली नाही. मी घाबरले नव्हते असं त्यांना सांगितलं, पण वर येताना माझा हात सुटला होता आणि मी हळूच "आबा" अशी हाक मारली होती. जांभळ काही लांब नव्हती. ती तुम्हाला ऐकू आली असेल, तर मला आता सांगू नका. ते पाऊल आसरेचंच राहू द्या.