जनता फलक

४ मार्च
कोर्टात आज आमचाच फलक दाखवला! नाक्यावरचा 'जनता फलक'. आप्पा गेल्यापासून त्यावर रोज खडूनं बातमी लिहिते ती मी. आरोपींच्या वकिलानं मोबाईलमधला फोटो वाचला — 'संतप्त जनतेच्या मारहाणीत सतीशचा मृत्यू'. "मयताच्या बहिणीनंच लिहिलंय. माझ्या अशिलांचं नाव कुठाय? साक्षीदार कुठाय?"

तिघांनाही जामीन झाला. तिघंही आमदारसाहेबांची माणसं.

सतीश माझा धाकटा भाऊ. साहेबांच्या सभेत एवढंच विचारलं त्यानं — पाणी पाच दिवसांनी का? आणि मी काय लिहिलं! मेली सवय. पेपरात छापतात तसंच हातातून उतरलं.

५ मार्च
'जनता' हा शब्द पाठ सोडत नाही. रिक्षावर साहेबांचा फोटो — 'जनतेचा कौल'. भाजीच्या पिशवीवर — 'जनतेचा सेवक'. भाजी ओढणीत घेतली, पिशवी गटारात टाकली.

७ मार्च
फलक चालवणाऱ्या आमच्या मंडळाची बैठक. अभिमन्यूकाका म्हणाले, "तो शब्द आता त्यांचा झाला, संघप्रिया. खरवडून टाकू. नुसतं 'माहिती फलक' करू." सगळ्यांच्या आधी हात मी वर केला.

घरी आई भडकली. "तुज्या आप्पानं काडलेली अक्षरं हायती ती! त्येनी चोरलं म्हनून आपुन टाकून द्यायचं व्हय?" मग हळूच, माझ्याकडे न बघता — "त्या शबुदानं न्हाई मारलं गं माज्या लेकाला."

ताट सारून उठले.

९ मार्च
पत्रा खरवडायला गेले. पहिलंच अक्षर निघेना. आप्पांनी रंगाचे तीन हात दिलेत! समोरची मथुराबाई भाजीची पाटी उतरवून उभी राहिली. "पूस की. आमी कोन मंग? मी काय मारलं व्हय त्येला? दार लावून बसले, त्येची लई लाज वाटती. पर मारलं न्हाई मी."

खरवडायची पाती तिथंच टाकून आले. आईसमोर जाववेना.

१० मार्च
सतीशला खाली नाक्यावर मारलं, त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. सगळं पाहिलं. कठड्याआड लपून बसले, तोंडात ओढणी कोंबून.

आज फलकावर लिहिलं — सतीशला जनतेनं मारलं नाही. तिघांनी मारलं. खाली तिघांची नावं.

त्याखाली — पाहणारी, संघप्रिया.