नरसय्याकाकांचा लख्ख इनबॉक्स

मंगळवार, संध्याकाळ

टॉवेलच्या नमुन्याला ग्राहकाची मंजुरी येईना, म्हणून चार दिवस माग बंद होते. आज ती स्पॅममध्ये सापडली. फिल्टरचे नियम तीनदा तपासले, चूक नाही. मग लॉगमध्ये दिसलं, या ग्राहकाचे जुने मेल आमच्याच ऑफिसातून स्पॅममध्ये टाकले जात होते. फिल्टर त्यावरूनच शिकला.

ऑर्डरी बघणाऱ्या नरसय्याकाकांना विचारलं.

"वाचून झालं की तितं टाकतो की. इनबॉक्स कसा लख्ख ऱ्हातो."

"काका, फिल्टर तुमच्याकडून शिकतोय."

"मग लई हुशार झाला असंल."

हसू दाबलं. त्यांना 'वाचून झाले' असा फोल्डर करून दिला, फिल्टरला नव्याने शिकवलं.

निघताना मागांचा खडखडाट सुरू झाला होता. तेव्हा मात्र हसले, एकटीच. काकांचा इनबॉक्स खरंच लख्ख आहे. माझ्या इनबॉक्समध्ये सहाशे मेल न वाचलेले पडलेत.