न विचारायचा प्रश्न

मळ्यातली वस्ती, ता. शिरूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. शेवंताअक्काच्या चरणी धाकट्या सोपानाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. मी बरा हाय. कांद्याची लागण उरकली. झेंडू दिवाळीत गेला तेवढा गेला, उरला तो शेळ्यांपुढं टाकला. छातीतलं मशीन आपलं काम करतंय. महिनाअखेरीला पुण्याच्या दवाखान्यात त्याची तपासणी हाय. माझा भारत सुट्टी काढून न्यायला येणार, तसा निरोप त्यानं शेजारच्या खंडूच्या फोनवर दिला. माझा मोबाईल मशीन बसवलं तवापासून बंद करून फडताळात ठेवलाय, ते तू जाणतेस. मोबाईल मशीनपासून लांब ठेवा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं.

मागल्या खेपेला डॉक्टरांनी काही विचारायचंय का म्हटल्यावर मी बरं हाय म्हणून उठून आलो, त्यावरून तू पत्रातून माझी बिनपाण्यानं केलीस. म्हणून या वेळी प्रश्न आधीच काढून तुला धाडतोय. डावा हात डोक्याच्या वर न्यायचा का? मशीन बसवलं तवा काही दिवस नको म्हणाले होते, मी अजून नेत न्हाई. पटका सोडून टोपीवर आलोय आन् आता खांदा दुखायला लागलाय. बिबट्यासाठी घराभोवती झटक्याची तार लावलीय, तिच्याजवळ गेलं तर मशीनला काही व्हईल का? डाव्या कुशीवर झोपावं का?

तुझी भावजय रतन गेल्यापासून पत्र लिहायला बसलं की तेवढीच संध्याकाळ सरते. काही राहिलं असंल तर सांग. माया हाय तशी ठेव.

तुझा
सोपान


दौंड
८ नोव्हेंबर २०२५

चि. सोपानास शेवंताअक्काचे पोटभर आशीर्वाद.

प्रश्न वाचले, बरे हायेत. पण खांदा दुखतोय हे इतके दिवस गिळून बसलास. लहानपणी पायात काटा मोडला तरी घरात सांगायचा न्हाईस, ती खोड अजून गेली न्हाई. हाताचं पहिलं विचार. डॉक्टर दिसला की तुझी दातखीळ बसते, तवा कागद खिशात घालू नको, हातातच धर.

एक प्रश्न मात्र तू खाल्लास. मोबाईलचा. शेजारच्या पप्पूच्या वडलांना तसलंच मशीन हाय आन् ते दिवसभर फोन कानाला लावून ओट्यावर बसलेले असतात. लांब ठेवा म्हंजी छातीवरच्या खिशात ठेवू नका, असं त्यांना सांगितलंय म्हणे. लांब ठेवा म्हटलं की थेट तडीपार करणारा तूच एक निघालास.

तुझे दाजी रेल्वेत लाइनीवर असायचे, तवापासून मला पत्राची सवय. पण आता हात कापतो. ईश्वर आन् सूनबाई कामावर गेले की घरात मी आन् गाड्यांचे भोंगे. भाऊबिजेलाही तू आला न्हाईस. तुझा आवाज ऐकावा वाटतो रे. तेवढं विचार.

जिवाला जप, बहिणीला विसरू नको.

तुझी
अक्का


मळ्यातली वस्ती
१४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास सोपानाचा शि. सा. न.

बाकीचे सगळे प्रश्न विचारीन, शब्द देतो. मोबाईलचा तेवढा विचारणार न्हाई. रागावू नको. कारण सांगतो, पण ते तुझ्यापाशीच ठेव.

मशीन बसवायच्या आधी फोन माझ्या बंडीच्या खिशात असायचा. दिवस दिवस वाजायचा न्हाई. वाजला तर कर्ज घ्या म्हणणारी बाई. मी मधूनमधून काढून बघायचो, बिघडला का काय म्हणून. एकदा खंडूला मुद्दाम रिंग द्यायला लावली, तर चांगला खणखणीत वाजला. लई वाईट वाटलं. भारत वाईट न्हाई गं. कंपनीची पाळी, पिंकीची शाळा, पुण्यातली धावपळ, त्यानं तरी किती करावं? पण त्याचा फोन का येत न्हाई, हे मला रोज मनाला समजावून सांगावं लागायचं.

आता फोन येत न्हाई तो मशीनमुळं. दवाखान्यानंच मना केलंय, मग पोराला काय बोल लावायचा? त्या दिवसापासून मला झोप लागते. उद्या डॉक्टर चालतं म्हणाले, तर मी मनाला काय सांगू?

एवढं समजून घे, आन् लोभ कमी करू नको.

सोपान


दौंड
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सोपानास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् पदर डोळ्याला लावला. सूनबाईनं काय झालं विचारलं, कांदा चिरत होते म्हटलं. हातात कांदा न्हवता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. पण मुठीत काय हाय ते तुला ठाऊक हाय, मग ती आवळून हात कशाला दुखवतोस? भारतचं मी काही सांगू शकत न्हाई. माझा ईश्वर एका घरात राहून दोन दोन दिवस माझ्याशी बोलत न्हाई, तर मी दुसऱ्याच्या पोराची हमी कशी देऊ? माझं सांगते. सूनबाईनं मला बटणाचा फोन दिलाय, त्यातला तुझा नंबर मी पुसलेला न्हाई. डॉक्टर चालतं म्हणाले तर फोन फडताळातून काढ. दिवेलागणीला मी करीन, रोज. न्हाई म्हणाले तर पत्रं लिहीन, हात कापला तरी.

पण न विचारता परत आलास, तर मला अक्का म्हणू नको.

शेवंता


मळ्यातली वस्ती
५ डिसेंबर २०२५

ती. अक्कास धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तपासणी झाली. मशीन ठणठणीत हाय, बॅटरीही पुष्कळ वर्षं पुरंल म्हणाले. छातीवर एक चकती ठेवली आन् मशीननं साठवलेलं सगळं समोरच्या पडद्यावर आलं. माणूस दिवसाकाठी किती हालचाल करतो, तेही त्यात उमटतं. मला काय ठाऊक? डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, तुम्ही बराच वेळ नुसते बसून असता का, घरी कोण असतं? मी हातातला कागद सारखा करत बसलो. भारत शेजारी मोबाईलमध्ये कंपनीचं काहीतरी बघत होता, त्यानं मान वर केली.

हात खुशाल वर न्या म्हणाले. नेला न्हाई म्हणूनच खांदा आखडलाय. तारेला हात लावू नका, जवळून गेलं तर चालतं. झोपा कसंही. मग तुझा प्रश्न उरला. तोही विचारला. उजव्या कानाला लावा, डाव्या खिशात ठेवू नका, एवढंच म्हणाले. एवढ्याशा उत्तरासाठी मी किती दिवस भ्यालो.

घरी येऊन फोन चार्ज केला आन् खाटेवर समोर ठेवला. दिवेलागणीला तू केलास. पहिल्या खेपेला मी उचलला न्हाई, त्यावरून तू रागावलीस आन् मी गोठ्यात होतो म्हणालो. ते खोटं हाय. मी समोरच बसलो होतो. रतन गेल्यापासून या घरात माझ्यासाठी कुणी हाक मारली न्हवती, म्हणून त्याला पुरतं वाजू दिलं. वाजायचा थांबला तवा मात्र घाबरलो, आता अक्का परत करते का न्हाई म्हणून. तू केलास.

भारतचा अजून आलेला न्हाई. आता मी मनाला काही समजावत न्हाई, नुसती वाट बघतो. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. हात कापला तरी तूही मधूनमधून लिहीत जा.

दिवेलागणी चुकवू नको.

तुझा
सोपान